कालचा दिवस सांगा

आमच्या सुनेइतकी चौकस बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि असलीच तर तिच्या सासऱ्याला माझा दंडवत. ती गंगापूर रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गिऱ्हाइकाला नक्की काय हवंय ते त्याच्या पोटातून काढायचं आणि सॉफ्टवेअर करणाऱ्या पोरांना उमजेल असं मांडायचं, हे तिचं काम. ह्याला ते लोक ‘रिक्वायरमेंट घेणं’ म्हणतात. मी एकलहऱ्याला वीज केंद्रात बॉयलरवर जन्म काढला. आमच्याकडे साहेब ओरडायचा तीच रिक्वायरमेंट. असल्या कामाला पगार मिळतो हे मला आधी खरंच वाटेना.

तिला बघायला नांदगावला गेलो तेव्हाच चुणूक दिसली होती. पोहे झाले, मुला-मुलीला बोलायला गच्चीवर पाठवलं, आणि आमचे चिरंजीव खाली आले ते घामाघूम. "काय विचारलं रे?" तर म्हणे, "बायको नसल्यामुळे सध्या तुमचं नेमकं काय अडतंय, असं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाली, मग लग्न कशासाठी?" मी तिथल्या तिथे मांडीवर थाप मारली. म्हटलं, ठरलं! आमच्या घरात येणार तर हीच पोरगी येणार.

‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न ती कधीच विचारत नाही. तिचं म्हणणं, तसं विचारलं की माणूस शेजाऱ्याकडे जे असतं तेच सांगतो. ती म्हणते, "कालचा दिवस सांगा. सकाळपासून." मग सगळं ऐकून घेते आणि "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की..." अशी सुरुवात करून ते आपल्यालाच परत ऐकवते. तुम्ही ‘बरोबर’ म्हटलंत की पक्कं. नंतर बदल हवा असेल, तर त्याचा परिणाम कोणाकोणावर होईल तेही तुम्हीच सांगायचं. एकदा खिचडीचं ठरलेलं असताना मला थालीपिठाची हुक्की आली. "हरकत नाही बाबा. कांदा कोण चिरणार, आणि जेवायला किती उशीर चालेल?" मुकाट्याने खिचडी खाल्ली. वर पापड मागायचीसुद्धा छाती झाली नाही.

पण कामाला वाघीण हो! पिंपळगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांना त्यांच्या पॅकहाऊसचं, म्हणजे माल पेट्यांत भरतात त्या शेडचं, सगळंच्या सगळं मोबाईलवर पाहिजे होतं. रंगीत आलेख पाहिजेत, नकाशे पाहिजेत, काय विचारू नका. हिने कालचा दिवस विचारला. ते म्हणाले, "काल लय डोकं उठलं मॅडम. कंटेनर दारात उभा, अन् माल किती भरला ते कोणी धड सांगंना." "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की भरलेल्या पेट्यांचा आकडा तुम्हाला कधीही दिसला पाहिजे." "बरोबर! मी तरी दुसरं काय म्हणतोय?" आता त्यांच्या मोबाईलवर तो एकच भला मोठा आकडा दिसतो, आणि दर हंगामात आमच्याकडे द्राक्षांची पेटी येते. ती सोसायटीत वाटताना माझी सून काय करते ते मी प्रत्येकाला सांगतो. कोणी विचारलं नसलं तरी सांगतो.

गेल्या वर्षी तिला पुण्याच्या ऑफिसात बढती आली. मोठं काम, हाताखाली माणसं. मुलाचं काम घरूनच चालतं, तेव्हा त्याची अडचण नव्हती. मला सोबत नेता येणार नाही हे तिला पाठ होतं, कारण नाशिक सोडणार नाही हे मी येता-जाता बजावलेलं. ती एका वाक्यात मोकळी झाली: "नाही म्हणून कळवते. मला नाशिकच बरं." कशाला खोटं बोलू, मला आनंद झाला. सौ. गेल्यापासून ह्या घराला आवाज आहे तो हिचाच. देवापुढे साखर ठेवली. पण जेवताना लक्षात आलं, दुसऱ्याला दहा प्रश्न विचारणारी ही, स्वतःला एकही न विचारता मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिला समोर बसवलं. म्हटलं, "सूनबाई, कालचा दिवस सांग."

ती हसली. "बाबा, हे तर माझंच शस्त्र!"

"सांग. सकाळपासून."

डबे, भाजी, कपडे दोन वाक्यांत उरकले. मग पुण्याच्या लोकांबरोबरची मीटिंग आली. कुठल्याशा दवाखान्याचं काम होतं. पेशंट कुठल्या खिडकीवर अडकतो, डॉक्टर काय म्हणाले, त्यावर हिने काय विचारलं... हातवारे चालले होते, चेहरा फुलला होता, चहा निवून त्यावर साय धरली.

"म्हणजे तुझं म्हणणं असं," मी म्हणालो, "की पुण्याला जायचंय, पण ह्या म्हाताऱ्याचं काय करायचं?"

तिने मान खाली घातली. "परिणाम तुमच्यावर होईल, बाबा."

"होईल. मला मान्य आहे. आता बरोबर म्हण."

ती ‘बरोबर’ म्हणाली आणि पदर नव्हता म्हणून माझ्या टॉवेलाने डोळे पुसले. त्या क्षणी मला तिचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! थोडा स्वतःचाही वाटला.

आता रोज संध्याकाळी पुण्याहून तिचा फोन येतो. "बाबा, कालचा दिवस सांगा." मी ऐटीत सांगतो. सोमेश्वरच्या देवळापर्यंत फिरून आलो, मेथी आणली, सोसायटीत पाण्यावरून जुंपली. परवा सांगता सांगता बोलून गेलो, की तीन थालीपिठं लावली, त्यातली दोन उरली, ती वॉचमनला दिली.

"एकट्या माणसाला तीन थालीपिठं, बाबा?"

"पिठाचा अंदाज चुकला गं."

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की शनिवारी आम्ही यावं."

मी कॅलेंडरवर शनिवारावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "बरोबर."