वाळूचं दुसरं पोतं

वैनगंगा फुगली की आमच्या गल्लीत पाणी दारातून नाही, आधी मोरीतून येतं. गटार उलटं फिरतं आणि पाइपातून काळं, घाणेरडं पाणी वर चढतं. उपाय सोपा आहे. मोरीच्या तोंडात चिंध्या कोंबायच्या, वर वाळूचं पोतं ठेवायचं. त्या वर्षी मी दोन पोती भरली होती. दुसरं दादासाठी, असं बायकोला सांगितलंही होतं.

दादा माझा थोरला भाऊ. वाटणीत घराच्या मधोमध भिंत घातली, पण दोन्ही मोऱ्यांचा पाइप एकच राहिला. माझी मोरी बुजली की सगळा जोर त्याच्याकडे. आणि त्याच्या मोरीला लागूनच वहिनीची वर्षभराच्या तांदळाची पोती. हे मला ठाऊक होतं. वाटणीच्या बैठकीत त्याने मला चारचौघांत फुकट्या म्हटलं, तेही विसरलो नव्हतो.

"भिंतीवरून आवाज तरी द्या ना त्यायले," बायको म्हणाली.

"त्याले विचाराले तोंड नाही काय?"

दुसरं पोतं दारामागेच राहिलं.

दुपारी पलीकडून वहिनी ओरडली, "भाऊजी, मोरीतून पाणी चढून राहिलं! तुमच्याकडे आलं काय?"

"आलं ना वहिनी! घोटाभर आलं!"

बोलून गेलो आणि घाबरलो. दादा बघायला आला तर? टाकीचं पाणी बादल्यांनी आणून स्वतःच्याच खोलीत ओतलं. मोरी बुजलेली, ते जाणार कुठे? बायको पाय वर घेऊन खाटेवर बसली. "डोकं फिरलं काय तुमचं?" एवढंच म्हणाली.

दादा आलाच. गुडघ्यापर्यंत काळा. उंबऱ्यात वाकून त्याने ओंजळभर पाणी घेतलं, नाकाशी नेलं. मग मोरीवरच्या पोत्याकडे बघितलं, दारामागच्याही, आणि टाकीपाशी ठेवलेल्या ओल्या बादल्यांकडेही.

"तुह्या घरचा पूर तं बहुत साफ आहे रे," म्हणाला आणि निघून गेला.

पाणी ओसरल्यावर कुजलेला तांदूळ त्याने माझ्या दारात आणून ओतला. मी नातेवाइकांत त्यालाच माथेफिरू ठरवलं. बादल्यांचं मात्र कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितो आहे.

यंदा नदी फुगल्याचं कळताच पोतं खांद्यावर घेऊन त्याच्या दारात गेलो. "दादा, मोरीवर ठेव."

त्याने दार पुरतं उघडलंसुद्धा नाही.

"मोरी बुजवली मी कालच. तू जा, बादल्या भर."

पोतं तसंच खांद्यावर घेऊन परत आलो.