पाठीवरचं बटण

आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूइतका हुशार आणि बिनकामाचा माणूस सिल्वासात दुसरा आला नसेल. पुण्याचे इंजिनियर, मसाटच्या कारखान्यात साहेब. पण जीव सगळा सायकलवाल्यांच्या कपड्यांत. सायकलवाला दिसत नाही म्हणून ट्रकखाली जातो, असं त्यांचं म्हणणं. सायकलींच्या मागचे, उजेड पडला की चमकणारे लाल काचेचे डोळे ते शर्टाला बटणांच्या जागी लावत. तसला शर्ट घालून तिन्हीसांजेला रस्त्याने लांब चालत जात आणि तिथून ओरडत, "काकू, दिसतोय का मी?" माझे हात पिठात. दिसताय म्हटल्याशिवाय थांबायचे नाहीत, दमणगंगेपर्यंत गेले असते.

शेवटी त्यांनी दिव्यांचा कोट शोधून काढला. शिवला मी, कारण मशीन माझं. पुढे-मागे दिवे, खिशात सेल. हात उचलला की त्या बाजूचा खांदा लुकलुके, म्हणजे मागच्याला वळण कळावं. नाड्या पाठीवर आणि बटणही पाठीवर, घालणाऱ्याचा हात पोचू नये म्हणून. माणूस सेल वाचवायला दिवा बंद करतो, असं साहेब म्हणत. कारखान्याच्या मालकाने त्यांना सांगितलं होतं, कामगार घालायला तयार झाले तरच असे कोट बनवू. आमचे हे त्याच कारखान्यात. मागच्या पावसाळ्यात एका ट्रकने यांना सायकलीसकट खड्ड्यात घातलं होतं. मी म्हटलं, कोट घाला, नाहीतर डबा मिळणार नाही. सुटी झाली की साहेब स्वतः गेटावर यांचं बटण दाबून देत.

एकदा यांनी वाटेत मान खाजवली आणि मागचा ट्रक कच्चकन थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, मुड़ना है या खुजाना है?" हे घरी येऊन चिडले. मी म्हटलं, थांबला ना?

आमच्या ओट्यावरून रस्ता सरळ दिसतो, आणि वाटेत गुत्ता आहे. ओव्हरटाइम म्हणून उशिरा येणारा माणूस गुत्त्यासमोर लग्नाच्या मांडवासारखा झगमगताना दिसला. दोस्तांना बटण बंद करायला सांगावं, तर शॉकच्या भीतीने कोणी हात लावेना. घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं, "आज ओव्हरटाइमला उजेड चांगला होता." पुढे हे सरळ घरी यायला लागले.

ही गोष्ट मसाटपासून गलोंड्यापर्यंत पसरली आणि कोट घालायला एकही माणूस तयार होईना. साहेब खचले. कापड टोचतं का, जड होतं का, विचारत राहिले. मी सांगून टाकलं, "साहेब, ट्रकला दिसायला कोणाची ना नाही. बायकोला दिसायला आहे."

ते विचारात पडले. म्हणाले, "मग बटण पुढे घेतो."

"घ्या. मग खोलीही दुसरी बघा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि वर गेले. बटण पाठीवरच राहिलं. कोटही तो एकच राहिला.

आमचे हे पुढे म्हातारे होऊन गेले, घरात, अंथरुणावर. साहेब त्याच्या कितीतरी आधी पुण्याला परतले होते. वापी स्टेशनला जाणाऱ्या टेम्पोत ट्रंकेवर बसले होते, अंगात तो लाल डोळ्यांचा शर्ट. दादऱ्याकडच्या वळणावरून ओरडले, "काकू, दिसतोय का मी?"

टेम्पो वळून गेला होता. मी म्हटलं, दिसताय.