बापटांची आफ्रिका आणि नंदाताईंची अट

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे साठतात. असू दे, लागेल कधीतरी, म्हणून एकेक ठेवून देतो आपण, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर येतात. परवा आमच्याकडे जुने मस्कतवाले जेवायला आले होते. कुणीतरी नुसतं 'बापट' म्हणालं आणि तसंच झालं. मठ्ठा संपला, श्रीखंड संपलं, बापटांची गाडी काही संपेना.

साधारण दोन हजार चौदा-पंधराचा सुमार असेल. आम्ही मस्कतमध्ये अल घुब्राला राहायचो. माझा नवरा शिरीष एका बँकेत होता, मी एका शाळेत शिकवत होते, आणि आमच्या वरच्या मजल्यावर बापट. बापटसाहेब कंपनीत मोठे इंजिनियर, रिटायरमेंटला टेकलेले. नंदाताई त्यांच्या सौभाग्यवती, कमी बोलणाऱ्या. घरातलं माणूस कमी बोलायला लागलं की बाकीचे त्याच्या वतीने बोलायला लागतात. आमचं जे काही पुढे चुकलं, ते तिथेच चुकलं.

व्हिसा संपायच्या आत बापटांना एकच गोष्ट करायची होती. आपली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह बोटीत घालून दार-ए-सलामला उतरवायची, आणि टांझानियात अशा जागी तंबू ठोकायचा जिथे चहूकडे माणूस नाही. आयुष्यभर एसीचं तापमान किती ठेवायचं यावर मीटिंगा घेतलेल्या माणसाचं हे स्वप्न! पण 'नंदा आली तरच जाईन' हेही त्यांचंच.

नंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं, भाजी निवडून संपवली आणि म्हणाल्या, "एकदा इथल्या वाळवंटात नेऊन राहून दाखवा. मला पटलं तर येईन. नाही पटलं तर गाडी विका आणि मुकाट्याने पुण्याला चला."

बापट त्याच दिवशी तयारीला लागले.

*

गाडी गेली अल अमेरातला, इक्बालभाईंच्या गॅरेजात. इक्बालभाई रत्नागिरीकडचे. आफ्रिका त्यांनी फक्त नकाशात पाहिलेली, तीही बापटांनीच दाखवली तेव्हा. पण आत्मविश्वास असा की तिकडे यांचं एक घर असावं.

"तुमी टेन्शन घेव नका साहेब. तिकडं काय लागतं तां मला म्हाइत हाय."

मग गाडीला जाड स्प्रिंगा लागल्या. एकाच्या जागी दोन स्टेपन्या आल्या. पाण्याची टाकी आली. इंजिनाला हवा ओढायला छतापर्यंत नळी आली. शेवटी पुढे एक लोखंडी गार्ड बसवला, इतका दणकट की दोन माणसांनी उचलावा.

नंदाताई तो बघायला गेल्या होत्या. मी बरोबर होते.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"हत्ती आला तर वैनी."

"हत्ती आलाच, तर हे लागेल कुणाला?"

"हत्तीलाच लागंल की," इक्बालभाई अभिमानाने म्हणाले.

"मग तो जास्त चिडेल ना."

इक्बालभाईंनी गार्ड एकदा वाजवून पाहिला. मग कामगाराला हाक मारून म्हणाले, "खोल रे हां. वैनींचं बरोबर हाय. उगाच कशाला डिवचा त्याला?"

त्या संध्याकाळी बापटांनी 'मिशन टांझानिया' या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: 'नंदा गाडीत इंटरेस्ट घेऊ लागली आहे.' खाली शिरीषने अंगठा टाकला. नंदाताई ग्रुपवर नव्हत्याच, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

*

सलीम हा बापटांचा ऑफिसातला ओमानी मित्र. त्याची आजी टांझानियातल्या झांझिबार बेटावरची. घरात स्वाहिली बोलत. म्हणजे आमच्या दृष्टीने सलीम हा आफ्रिकेचा अधिकृत प्रतिनिधीच झाला. त्याला घरी बोलावलं, साबुदाणा वडे केले, आणि सगळे त्याच्याभोवती बसलो.

शिरीषकडे नकाशा आणि सुरक्षा अशी दोन खाती होती. त्याने गळा साफ करून विचारलं, "सलीमभाई, तंबू के बाहर शेर आ गया तो करनेका क्या?"

सलीमने वडा संपवला. हात पुसले. आम्ही सगळे पुढे सरकलो.

"शिरीष, मेरा फॅमिली झांझिबार का है. उधर शेर नहीं. उधर लवंग है."

पण शिरीष ऐकतोय कसला. "फिर भी, आजीने कुछ तो बोला होगा?"

"बोला ना. खजूर कम खाओ."

नंदाताई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती की या बाईला सिंहाबिंहाची भीती नाहीये. पण आमचं सगळ्यांचं आधीच ठरलं होतं, की त्यांना भीती वाटते, गैरसोय होते, आणि ती आपण दूर करायची.

*

सलीमने एकच उपयोगी गोष्ट सांगितली, टांझानियात गाड्या डाव्या बाजूने चालतात. बापटांचा चेहरा पडला. इतकी वर्षं मस्कतमध्ये उजव्या बाजूने गाडी चालवलेली, हात तसाच वळलेला. आता डावीकडची प्रॅक्टिस करायची कुठे? रस्त्यावर केली तर थेट पोलीस.

बापटांनी मार्ग काढला. हायपरमार्केटात ते ट्रॉली डाव्या बाजूने चालवायला लागले.

नुसती चालवत नसत. वळताना हात दाखवत. डाळींच्या चौकात थांबून दोन्हीकडे बघत. समोरून एखादं कुटुंब आपल्या नेहमीच्या बाजूने आलं की हे अंग चोरून, पण बाजू न सोडता उभे राहत. नंदाताई पहिल्या फेरीनंतरच वेगळी ट्रॉली घेऊन वेगळ्या काउंटरला जाऊ लागल्या.

एका शुक्रवारी तांदळाच्या पोत्यांपाशी बापट समोरून आलेल्या ट्रॉलीवर आपटले. बघतात तर कंपनीचे जनरल मॅनेजर.

"बापट, व्हॉट आर यू डूइंग?"

"आफ्रिकेची तयारी, सर," बापट इंग्रजीत म्हणाले.

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात बातमी फुटली की बापटांची आफ्रिकेला बदली झाली. दुपारच्या जेवणापर्यंत त्यांच्या खिडकीजवळच्या केबिनसाठी दोघांनी एचआरकडे शब्द टाकला होता.

*

मग आला छतावरचा तंबू. गाडीच्या टपावर बसवायचा, उघडला की वर छोटी खोली तयार, खाली उतरायला शिडी. बापटांनी तो बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच उघडला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सवय व्हावी म्हणून वर जाऊन बसले. पेपर नेला, उशी नेली, पंचा टाकला शिडीवर वाळत.

आमचा वॉचमन कुट्टी खालून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवेना. पराठा आणि करीचा डबा घेऊन तो शिडी चढला आणि हळूच म्हणाला, "सर, खा लो. फिर ऊपर जाके मॅडम को सॉरी बोलो. घर में होता है ऐसा."

बापटांनी समजावून सांगितलं. कुट्टीने मान डोलावली आणि अर्ध्या बिल्डिंगला जाऊन सांगितलं की साहेब फार दुखावलेले आहेत, आफ्रिकेला निघून जायचं म्हणतायत.

दुपारपर्यंत नंदाताईंना फोनावर फोन. तळमजल्यावरच्या परकारभाभींनी तर बिर्याणी पाठवली, वर निरोप, 'दोघांनी एका ताटात खा, राग जाईल.' ती बिर्याणी नंदाताई आणि मी खाल्ली. मग त्या खाली गेल्या, शिडीखाली उभ्या राहिल्या आणि वर बघून म्हणाल्या, "तिथे फोनला रेंज येते का?"

"फुल रेंज!" बापट आनंदाने ओरडले.

"मग काय उपयोग," म्हणाल्या आणि परत वर आल्या.

बापटांनी ग्रुपवर टाकलं: 'नंदाला रेंजची काळजी आहे. सॅटेलाइट फोनची चौकशी करणे.'

*

मधे एकदा बापट आणि शिरीष एका वादीत गाडी घालून आले. वादी म्हणजे तिथला डोंगरातला ओढा. बहुतेक वेळा कोरडा, तेव्हा नेमका चिखलाने भरलेला. गाडीचा मूळ रंग कुठला ते ओळखू येईना. बापट म्हणाले, धुवायची नाही, नंदाला दाखवायची, हिच्यात आता आफ्रिकेचा फील आलाय.

मस्कतमध्ये घाणेरडी गाडी रस्त्यावर आणली तर दंड होतो, हे ते फीलच्या भरात विसरले. घुब्राच्या अलीकडेच पोलिसाने थांबवलं. बापटांनी त्याला सगळं सांगितलं. रिटायरमेंट, टांझानिया, तंबू, बायको. पोलिसाने शांतपणे ऐकलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आफ्रिका उधर है. ये मस्कत है. यल्ला, चलो, पहले धो."

तेव्हापासून बापट सरावाला जायच्या आधी गाडी धुवायचे आणि आल्यावरही धुवायचे. गाडी इतकी चकाचक दिसायला लागली की इक्बालभाईंना वाटलं, विकायला काढली.

*

आणि मग तो दिवस आला. वाळवंटात एक रात्र राहायचं आणि नंदाताईंनी निकाल द्यायचा. बोटीचं बुकिंग पुढच्या आठवड्यात पक्कं करायचं होतं. म्हणजे आफ्रिका की पुणे, ते याच सुट्टीत ठरणार.

आम्ही सगळ्यांनी कंबर कसली. नंदाताईंना कशाचीही उणीव भासता कामा नये! बापटांनी फोल्डिंगची कॉट घेतली. शिरीषने इन्व्हर्टर आणि टेबलफॅन. मी दिवाणखान्यातला गालिचा दिला. मिक्सर, इडलीपात्र, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा, पडद्याचं बाथरूम, सगळं भरलं. त्यांना रोज पाणी घालायची सवय म्हणून तुळशीची कुंडीसुद्धा दोरीने बांधली. नंदाताई हाताची घडी घालून हे सगळं बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं, भारावल्या आहेत.

पुढे सलीमची गाडी, मागे बापटांची. वाळूच्या तोंडाशी टायरमधली हवा नियमाप्रमाणे कमी केली आणि आत शिरलो. सलीमची गाडी तरंगत गेली. बापटांची पहिल्याच चढाला बसली. खाली, अगदी पोट टेकवून.

सलीम परत आला. त्याने मागचं दार उघडून आत पाहिलं. "मिस्टर बापट, ये गाडी है कि फ्लॅट?"

बापट खोदायला लागले. शिरीष खोदायला लागला. खोदावं तेवढी वाळू परत येत होती. बापटांचा शर्ट भिजून पाठीला चिकटला, श्वास लागला, आणि शेवटी फावडं टाकून ते तिथेच बसले. "खलास," म्हणाले. "इथेच ही तऱ्हा, तर तिथे काय होणार? नंदा, तुझंच खरं. विकू या गाडी."

मला भडभडून आलं. इतका वेळ आम्ही हसत होतो, पण या माणसाला तिथे खरंच जायचं होतं हो.

नंदाताई गाडीतून उतरल्या. पदर खोचला. मागच्या दारापाशी जाऊन त्यांनी आधी गालिचा ओढून वाळूवर अंथरला. मग एकेक वस्तू काढून त्याच्यावर मांडायला लागल्या. मिक्सर. इडलीपात्र. पोळपाट. फॅन. कॉट. तुळस तेवढी सलीमच्या गाडीच्या सावलीत नेऊन ठेवली.

"वहिनी, अहो हे सगळं तुमच्यासाठीच आणलंय," शिरीष म्हणाला.

"मला विचारलं होतं का कुणी?"

शिरीष पुन्हा वाळू उकरायला लागला.

"लग्न झाल्यापासून हेच घासतेय, हेच पुसतेय. जंगलात जाऊनही हेच करायचं, तर घरी काय वाईट आहे?"

दोन स्टेपन्यांपैकी एकसुद्धा त्यांनी घरंगळत खाली सोडली. मग सरळ जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. लायसन्स त्यांच्याकडे होतं. मस्कतची ती पिंपांमधून गाडी मागे घ्यायची कुप्रसिद्ध परीक्षा त्या कधीच्या पास झाल्या होत्या. पण या गाडीच्या चाव्या बापटांनी आजवर कुणाला दिल्या नव्हत्या.

"नंदा, क्लच सांभाळून!" बापट उठत म्हणाले.

"मॅडम, लो गिअर," सलीम म्हणाला. "और रुकना नहीं. रेत में रुका तो फसा."

आम्ही मागून रेटा दिला. गाडी हलली, थरथरली, पुढे सरकली आणि एकदम मोकळी होऊन चढावर गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. गाडी थांबली नाही. माथ्यावर गेली. तिथेही थांबली नाही. पलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही वाट बघत उभे राहिलो. इंजिनाचा आवाज लांब गेला, मग ऐकूच येईना. चहूकडे वाळू, मधे आमचा गालिचा आणि त्यावर सगळं स्वयंपाकघर.

"मिस्टर बापट," सलीम हळूच म्हणाला, "आफ्रिका तो गया."

बापट डोळ्यांवर हात धरून माथ्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने पुन्हा आवाज आला, आणि भलत्याच बाजूच्या टेकडीवर गाडी उगवली. नंदाताईंनी ती उताराकडे तोंड करून उभी केली, काच खाली घेतली आणि मी आजवर कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडल्या, "अहो, यायचंय का? यायचं असेल तर सामान तिथेच राहू दे!"

बापटांनी एकदा गालिच्यावरच्या संसाराकडे पाहिलं, एकदा टेकडीकडे. मग खाली वाकून चहाचं पातेलं तेवढं काखेत मारलं, चपला हातात घेतल्या आणि चढ चढायला लागले.