पाटावर बसलेली काठी

"काठी पूजेत आहे, साहेब," मी म्हणालो.

गाडी वाफ सोडत उभी होती. खिडकीतून साहेब घड्याळ दाखवत होते. ते इन्स्पेक्शनला आलेले, आणि मी अजून कायमही न झालेला स्टेशनमास्तर.

आमचा फाटा एकेरी. कल्याणहून निघून उल्हासच्या काठाकाठाने, भातखाचरांतून आमच्या स्टेशनावर येऊन संपायचा. जाणं-येणं एकाच रुळावरून. म्हणून अख्ख्या फाट्याला पितळी कड्यांची एकच काठी. तिला आम्ही स्टाफ म्हणायचो. ज्या ड्रायव्हरच्या हाती स्टाफ, त्याचीच गाडी रुळावर. टक्कर होण्याचं कारणच उरत नाही.

रूळ फिरवून गाडीला वाट देणारा आमचा सांधेवाला हिराजी. पूर्वी मिठागरात होता. नोकरीला लागला तेव्हा मीच त्याला बजावलं होतं, "ही काठी म्हणजे देव समज." पठ्ठ्या समजला! त्या दिवशी खंडेनवमी. गाडी आल्यावर मी जेवायला घरी गेलो, तेवढ्यात त्याने पाटावर कोयता, बावटे आणि मधोमध स्टाफ मांडून टाकला. वर हळदकुंकू, झेंडू, नारळ.

"उचल ती," मी म्हणालो.

"पुजलेला हत्यार उद्यापरत उचलाचा नाय, मास्तर."

साहेब तरातरा खाली उतरले. "काठी इधर है, तो डर किसका? गाडी छोडो!"

हिराजी सांध्याच्या दांड्याला पाठ लावून उभा राहिला. "डायवरचे हातात काठी नाय, तं सांधा नाय."

म्हणजे काठी उचलायची नाही, आणि काठीशिवाय गाडीही सोडायची नाही. दोन्हीकडे त्याचंच खरं. मधल्यामध्ये माझी नोकरी चालली होती.

"अरे हिराजी, माझ्या पोराबाळांचा तरी विचार कर!"

त्याने डोकं खाजवलं. "काठी पाटावरशी हलवाची नाय. पाट हलवाला कोन नाय बोलतो?"

आम्ही दोघांनी पाट उचलून इंजिनात नेला. ड्रायव्हरने कोळशाशेजारी जागा केली, पाटाला हात लावला आणि "स्टाफ मिळाला" असं रीतसर म्हटलं. हिराजीने सांधा दिला. साहेब मात्र जाताना ओरडले, "आज ही रिपोर्ट लिखेगा!"

घरी जाऊन मी बायकोला भांडी बांधायला सांगितलं. खरंच सांगतो, भयंकर घाबरलो होतो.

पुढचं गार्डकडून कळलं. साहेब तावातावाने कल्याणच्या ऑफिसात शिरले, तर टेबलावर दऊत नाही, टाक नाही. हेडक्लार्कने सगळं पूजेत मांडलेलं! दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी त्यांचा राग उतरला, की नेमका कोणता नियम मोडला ते त्यांना सापडेना, कोण जाणे. रिपोर्ट आलाच नाही. मी कायम झालो.

त्यानंतर मात्र नव्या माणसाला नियम शिकवताना मी जरा हात राखूनच शिकवत आलो. फार चांगला शिकला की गाडी अडते.