करकोच्याची मान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही. आता घरात ऐकणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय — की असं म्हणणं हीसुद्धा पळवाटच?

मी सोनपेठजवळच्या एका गावात शाळेत चित्रकला शिकवायचे. गोदावरीच्या काठावर आम्ही पाचसहा बायकांनी मिळून दोन पुरुष उंच करकोचा उभा केला होता — बाभळीच्या फांद्यांचे पाय, निरगुडीच्या फोकांचं अंग, वेतानं बांधलेले सांधे. कल्पना माझी, पण शिकवलं सगळ्यांना सुलामावशीनं. टोपल्या विणून पोट भरणारी एकटी बाई ती. तिच्याजवळ बसून फोक वाकवताना मला जेवढं बरं वाटलं, तेवढं — पुन्हा कुठंच नाही.

मान तेवढी राहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी करकोचा बघायला तालुक्याहून पाहुणे यायचे होते. मावशी म्हणाली, "बाई, वेत भिजू द्या. कोरडा हाय, दगा देईल." आणि जेवायला घरी गेली.

मी थांबले नाही. शिडीवर चढले, कोरड्या वेतानंच मान बांधून टाकली.

"भिजवला होता ना?" परत आल्यावर तिनं विचारलं. मी — हो म्हणाले.

सकाळी पाहुण्यांसमोरच वेत तडकला. मान खाली आली ती आमच्यातल्या रुक्मिणच्या मनगटावर. हाड मोडलं. कुणीतरी ओरडलं, "हे बांधलं कुणी?"

मी काय म्हणाले असेन? "बांधणीचं काम मावशीकडं होतं."

शब्द न् शब्द खरा. आणि सगळं खोटं.

मावशीनं खाली पडलेला वेत उचलला, वाकवून पाहिला. कटकन मोडला. तिनं माझ्याकडं बघितलं. शाळेतल्या बाईपुढं तिचं कुणी ऐकलं असतं? नसतं. ते मला माहीत होतं, म्हणूनच मी गप्प राहू शकले.

पुढं बाजारात तिच्या टोपल्या पडून राहू लागल्या. वर्षाच्या आत ती पाथरीला लेकीकडं गेली.

मागच्या उन्हाळ्यात पाथरीच्या स्टँडवर तिनंच हाक मारली. "बाई, बऱ्या हाव का?" सरकून बाकावर जागा करून दिली. पाऊण तास आम्ही शेजारी बसलो. मग तिनं विचारलं, "रुक्मिणचा हात कसा हाय?"

हाड वाकडंच जुळलंय. रुक्मिणला त्या हातानं भरली घागर उचलत नाही.

"बरा आहे," मी म्हणाले. गाडी लागली, आणि मी उठून आत जाऊन बसले.