तीन वर्षांचं जॅकेट

"बदली कधी?"

नाव विचारायच्या आधी मावशी हे विचारायच्या. नवीन बाई अजून दारात चपला काढत असायची, आणि शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता त्यांचा प्रश्न यायचा. उत्तर मिळालं की मान वर व्हायची. मग चहा, आणि मग नाव.

बालीगंजला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रहिवाशांची एक खोली होती. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मावशींचा शिवणवर्ग भरायचा. बटवे, पर्सचे पट्टे, त्यांना लावायचे गोंडे आणि लटकनं, कुर्त्यांवर आरसे, टिकल्या, मणी. निम्म्या बायका बंगाली, निम्म्या आमच्यासारख्या, नवऱ्याच्या नोकरीमागून गावं फिरणाऱ्या मराठी. मावशी मात्र कोलकात्यातच जन्मल्या आणि वाढल्या. वडील रेल्वेत होते, ते गार्डन रीचला आले आणि इथलेच झाले. मावशींचं मराठी स्वच्छ, जरा जुन्या वळणाचं, पण रागावल्या की त्या बंगालीत शिरायच्या. बंगाली बायका त्यांना माशी म्हणत, आम्ही मावशी, आणि त्या सरसकट सगळ्यांना अगं-तुगं करत.

बदलीवरून काम ठरायचं. सहा महिने उरलेल्या बाईला पर्सचं लटकन, वर्ष असेल तर बटवा. जॅकेट फक्त तीन वर्षांवालीला. खणाचं कापड, त्यावर इथल्या कांथा भरतकामासारखा अंगभर धावदोरा आणि गळ्याशी आरसे. तुम्ही म्हणाल, हा काय नियम? पण मावशींच्या टेबलाखालची पत्र्याची पेटी तुम्ही पाहिली असती, तर विचारलं नसतं. बदली झालेल्या बायकांनी मागे टाकलेली अर्धी कामं तिच्यात होती. एकाच बाहीचा कुर्ता, एका पट्ट्याची पर्स. कोणी आळस केला की मावशी पेटी उघडून एकेक वस्तू दाखवायच्या. "ही इन्कम टॅक्सवाली, भोपाळला गेली. मोराचे पाय राहिले." तिचं नाव त्यांना आठवत नसे, मोराचे पाय बरोबर आठवत.

आता माझं पाप सांगते. मी खोटं बोलले.

माझा नवरा बँकेत. लेकीची, ईशाची, अकरावी-बारावी पुण्यात व्हावी म्हणून तो दोन वर्षं कोलकात्यात एकटाच राहिला होता. ती हॉस्टेलवर गेली आणि मी इकडे आले, म्हणजे माझ्या वाट्याला जेमतेम वर्ष होतं. पहिल्या दिवशी दारात उभी होते, आणि न्यू टाउनहून दोन बस बदलून येणारी एक बाई समोर डाळिंबी जॅकेटवर आरसा बसवत होती. प्रश्न आला. मी म्हटलं, "तीन वर्षं आहेत."

मोह एकट्या डाळिंबी रंगाचा नव्हता. माझ्या हातून काही पुरं होत नाही, ही आमच्या घरातली जुनी गंमत आहे. माझा अर्धा स्वेटर तीन गावं फिरलाय, ईशा तो पाहुण्यांना काढून दाखवते. त्याच संध्याकाळी मी तिला फोनवर सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी तू माझ्या हातचं जॅकेट घालशील. ती म्हणाली, "आई, निदान एक बाजू तरी होईल ना?" हसत म्हणाली, पण मला ते लागलं. काहीही झालं तरी हे जॅकेट पुरं करायचं, असं मी ठरवलं.

ठरवून हात सुधारत नाही. धावदोरा म्हणजे सगळ्यांत सोपा टाका, सुई आत-बाहेर करत सरळ जायचं. माझी सुई सरळ जाईना. मावशी वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "शोनो, ऐक, तुझा टाका निघतो वेळेवर, पण वाटेत ओळखीचं कोणी भेटलं की थांबतो." बाकीच्यांना त्या निर्दयपणे "उसव" म्हणायच्या. मला एकदाही म्हणाल्या नाहीत. आपण त्यांच्या लाडक्या आहोत, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

काम घरी न्यायला बंदी होती. घरी टीव्ही असतो, फोन असतो, आणि शिवण सोफ्याखाली जातं, असं त्यांचं मत. सगळ्यांची कापडं वर्गातल्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून, चिठ्ठीवर नाव लिहून. मला त्यांनी आधी पुढचे दोन भाग भरायला दिले. पाठीला घाई नाही, ती शेवटी, असं सांगितलं.

फेब्रुवारीत बदलीची ऑर्डर आली. नागपूर, आणि हातात दिवस पंधरा. माझी पुढची एक बाजू पूर्ण होती, दुसरी पाऊण, आणि पाठीचं कापड मी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. शुक्रवारी नव्या गुळाच्या संदेशाचा डबा घेऊन गेले आणि सगळं कबूल केलं, बायकांच्या देखतच. खोटं बोलल्याचं, ईशाचं, स्वेटरचंही. मावशी बशीतले मणी रंगाप्रमाणे वेगळे करत होत्या. त्यांनी ते काम संपवलं, मग म्हणाल्या, "बँकेतल्या घरांची तीन वर्षं मी चाळीस वर्षं बघतेय. तू एप्रिलात आलीस, लेकीची बारावी उरकून, आणि इथलं घर आधीच लागलेलं. म्हणजे नवरा आधीच दोन वर्षं इथे. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मला तोंड वर करवेना. मग त्यांनी मला कधी उसवायला का लावलं नाही, हेही तेव्हा लक्षात आलं. उसवायला माझ्याकडे वेळ नव्हता.

त्यांनी कपाटातून माझ्या नावाची आणखी एक गुंडाळी काढली आणि टेबलावर सोडली. पाठ भरलेली होती. खांद्यापासून खालच्या पट्टीपर्यंत, ओळीमागून ओळ. आणि सगळ्या ओळी वाकड्या, अगदी माझ्यासारख्या.

"रोज सकाळी दोन-दोन ओळी," मावशी म्हणाल्या. "तुझा टाका शिकायला मला महिना लागला. एक लांब, दोन आखूड, मग एकदम तिरका. जन्मात असा हात फिरवला नव्हता. पण चांगला घातला असता, तर लेकीने लगेच ओळखलं असतं."

मला रडू फुटलं. एवढं का केलंत, असं काहीतरी मी विचारलं.

"पेटीत जागा नाही," त्या म्हणाल्या, आणि संदेशाचा डबा उघडून पहिला माझ्या हातावर ठेवला.

उरलेली पाव बाजू मी त्या पंधरा दिवसांत रोज जाऊन भरली. जोडणी त्यांनी मशीनवर केली. निघताना एकच सांगितलं, ईशाला काही बोलायचं नाही. ईशाने जॅकेट घातलं, उलटं-सुलटं करून पाहिलं आणि माझ्या गळ्यात पडली. तो स्वेटर तिने पाहुण्यांना पुन्हा कधी दाखवला नाही.

गेल्या पावसाळ्यात वर्गातल्या शर्मिष्ठादीचा फोन आला. माशी गेल्या. आजारी अशा नव्हत्याच, मंगळवारी वर्ग घेतला आणि गुरुवारी गेल्या.

दिवाळीला ईशा घरी आली, तेव्हा मी तिच्या जॅकेटला इस्त्री करत होते. पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, हात थांबला. चार बोटं लांबीची एक ओळ तिथे सरळ आहे. टाके सारखे, नेटके, एकही कमी-जास्त नाही. त्या सकाळी कोणाशी बोलत असतील, की आणखी कसला विचार चालला असेल, कोण जाणे. तेवढ्यापुरतं वाकडं घालायचं मावशी विसरल्या होत्या.

ईशा मागून डोकावली. "आई, इथे किती सुंदर जमलंय तुला. असं सगळीकडे का नाही केलंस?"

मी इस्त्री बाजूला उभी केली आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"तिथे लक्ष नव्हतं गं," मी म्हटलं.