पाणमांजराची वाटी

सून आज खेकडे साफ करत होती. तो वास नाकात शिरला आणि मी थेट अडाण नदीकाठच्या आमच्या वांग्यांच्या मळ्यात जाऊन पोचले.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस होते, मी नवी नवरी. मळ्याच्या मातीच्या पाटाला रोज भोकं पडायची आणि पाणी वाफ्यांत जायच्याऐवजी परत नदीला मिळायचं. "माय, पाणमांजरच पाट पोखरून राह्यलं. आज फासा लावतो," आमचे हे चिडून म्हणाले.

सासूबाई मला घेऊन नदीवर गेल्या. पाणमांजर रोज एकाच खडकावर घाण करायचं. त्यांनी ती काडीनं उकलली. मासळीचे चार खवले, बाकी सगळा खेकड्यांच्या कवचांचा चुरा. वासानं मी पदर नाकाला लावला. त्या मात्र हसत सुटल्या. पाट पोखरणारे खेकडेच होते!

घरी येऊन लेकाला म्हणाल्या, "बाप्पा! ते तर आपली राखण करून राह्यलं. त्याले कायले मारतं रे?"

फासा आढ्याला टांगला गेला. संध्याकाळी सासूबाईंनी त्या खडकावर दुधाची वाटी ठेवली. मांजर म्हटलं की दूध आलंच! सकाळी वाटी लख्ख रिकामी. "पाह्य, पेलं नं त्यानं?" त्यांच्या मागेच आमचा मळ्यातला बोका मिशा चाटत बसला होता. किती भोळी बाई, म्हणून मी पदराआड हसले.

आता वाटतं, बोका त्यांनाही दिसलाच होता. कारण त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी दोन वाट्या भरल्या.